सहभागी व्यक्तींची ओळख जपताना : सीमाभागातील संशोधकांसाठी नीतिमत्ता व गोपनीयतेचे प्रशिक्षण

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. वाङ्मयचौर्य कसे ओळखावे, बनावट नियतकालिकांपासून कसे सावध राहावे, लेख कोणाच्या नावे छापावा, हे त्यात नीट शिकवले जाते. परंतु समाजकार्य, शिक्षणशास्त्र, परिचर्या किंवा सार्वजनिक आरोग्य या विषयांतला विद्यार्थी प्रश्नावली घेऊन खानापूरच्या एखाद्या वाडीत, निपाणीतल्या विडी कामगारांच्या वस्तीत किंवा बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांच्या गल्लीत शिरतो, तेव्हा त्याला लागणारे शिक्षण या अभ्यासक्रमात फारसे मिळत नाही. ते विभागाने स्वतः द्यावे लागते. कसे द्यावे, याविषयीचे हे मार्गदर्शन आहे. ते बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी हा भाग समोर ठेवून लिहिले असले, तरी बिदर किंवा कारवारकडे काम करणाऱ्यांनाही त्यातले बरेचसे लागू पडावे.

प्रशिक्षणाची आखणी करण्याआधी एक प्रश्न विभागाने स्वतःला विचारावा : आपल्याला माहिती देणाऱ्या व्यक्तीचे रक्षण नेमके कोणापासून करायचे आहे? बहुतेक तयार अभ्यासक्रम हे उत्तर गृहीत धरतात की धोका दूरच्या, अनोळखी माणसाचा असतो, जो संगणकात शिरून माहिती पळवतो. आपल्याकडे धोका बहुधा जवळच्या माणसाचा असतो. शेजारीण, सासू, विडी कारखान्याचा मुकादम, ग्रामपंचायतीचा सदस्य, बचत गटाची अध्यक्षा, ही ती माणसे. त्यांना संगणक फोडावा लागत नाही. ओसरीवरचे बोलणे कानावर पडले किंवा छापील प्रबंधातले एक वाक्य वाचले, तरी त्यांना माणूस ओळखता येतो. प्रशिक्षणातला प्रत्येक भाग या कसोटीवर घासून पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगावी

इतिहासावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ घालवू नये, पण तो वगळूही नये. नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली आणि स्वेच्छेने दिलेली संमती ही पहिली अट ठरली. १९६४ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांचा हेलसिंकी जाहीरनामा आला. अमेरिकेतील टस्कगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांचा आजार न सांगता, आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते न देता, केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले. त्या प्रकरणाच्या चौकशीतून पुढे, संशोधनातल्या सहभागींच्या रक्षणाची तत्त्वे मांडणारा १९७९ चा बेलमाँट अहवाल निघाला. ते पुरुष गरीब होते, बहुतेक शेतमजूर होते आणि तपासायला येणाऱ्यांवर त्यांचा विश्वास होता. विश्वास आणि गरज एकत्र आल्या की माणूस 'नाही' म्हणत नाही, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले म्हणजे इतिहासाचे काम झाले.

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे हा मुख्य आधार आहे. त्यांचे नाव वैद्यकीय असले, तरी आरोग्याशी निगडित सामाजिक व वर्तनविषयक संशोधनावर त्यांत स्वतंत्र प्रकरण आहे. विद्यार्थ्यांना त्यांचा सारांश न देता ते प्रकरणच वाचायला लावावे.

समितीकडे जाण्याआधी

नीतिविषयक समिती, म्हणजे आपल्या बोलण्यातली एथिक्स कमिटी, ही सह्या करणारी खिडकी नव्हे. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार तिच्यात ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, निम्मे तरी सदस्य बाहेरचे असावेत आणि त्यांत कायदा जाणणारी, समाजशास्त्र जाणणारी आणि सर्वसामान्य नागरिक म्हणून बसणारी व्यक्ती असावी. बैठकीला किमान ५ जणांची गणसंख्या लागते. आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या समितीची केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असणे २०१९ च्या नियमांनी आवश्यक केले आहे. आपल्या विभागाची समिती नसेल, तर नोंदणीकृत समिती असलेल्या संस्थेशी लेखी व्यवस्था करून घ्यावी. बेळगावात वैद्यकीय शिक्षण आणि संशोधनाच्या संस्था असल्यामुळे हे अशक्य नाही.

समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याच्या आधी मिळालेली असावी लागते. काम सुरू करून मागाहून कागद मिळवण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते, ती मुळातच चुकीची आहे. अर्जात धोक्याची पातळी लिहिताना विद्यार्थी सहजपणे 'किमान' असे लिहून मोकळे होतात, आणि इथेच प्रशिक्षणात थांबून चर्चा व्हायला हवी.

सीमाभागात तर मातृभाषेचा साधा रकानासुद्धा साधा राहत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, दर १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, त्याची धग पुन्हा जाणवते, आणि 'घरात कोणती भाषा बोलता?' असे कोणी वही उघडून विचारले की समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'हे कोणी पाठवले?' मधुमेहावरच्या अभ्यासात भाषेच्या माहितीचा उपयोग होणार नसेल, तर तो रकाना काढून टाकावा. उपयोग होणार असेल, तर तो का हवा, उत्तरे कोण पाहणार आणि गावनिहाय तक्ता छापला जाणार की नाही, हे अर्जात लिहावे. हाच नियम जात, मतदान, दारू, कर्ज आणि आजार यांना लावावा. प्रत्येक रकान्याने आपले असणे सिद्ध करावे.

संमती : कागद आणि बोलणे

माहितीपत्र आधी इंग्रजीत लिहून नंतर मराठीत उतरवण्याची पद्धत सोडून द्यावी. ज्या वस्तीत काम करायचे तिथल्या एखाद्या जाणत्या बाईला किंवा माणसाला समोर बसवून, त्यांना समजेल असे तोंडी सांगावे आणि जे बोललो ते लिहून काढावे. समितीसाठी इंग्रजी किंवा कन्नड प्रत मागाहून करता येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नेही संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला आहे. मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे आपल्या भागातल्या बहुतेक घरांची सोय त्यातून होते. मराठी घरात कन्नड अर्ज आणि कन्नड घरात मराठी अर्ज पुढे करून अंगठा घेणे याला संमती म्हणता येणार नाही.

निपाणीतल्या एखाद्या ओसरीचे उदाहरण घेऊ. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूपाने, हात न थांबता चाललेले, बाजूला आणखी दोघीतिघी त्याच कामात. ती बाई पैसे विड्यांच्या संख्येवर मिळवते, म्हणजे आपण घेतलेला प्रत्येक क्षण तिच्या मजुरीतून जातो. तिथे चार पानांचे माहितीपत्र वाचून दाखवणे निरुपयोगी आहे. विद्यार्थिनीने साधारण असे बोलावे :

'मावशी, मी बेळगावला विद्यापीठात शिकते. विडी वळणाऱ्या बायकांच्या तब्येतीची माहिती मी माझ्या अभ्यासासाठी गोळा करते आहे. मी सरकारकडून आलेले नाही, कारखान्याकडून नाही, कुठल्या पक्षाकडून किंवा संघटनेकडूनही नाही. तुम्ही बोललात म्हणून कार्डाचं, पेन्शनचं काम होणार नाही आणि नाही बोललात म्हणून काही अडणारही नाही. एखादा प्रश्न नको वाटला तर सोडून द्या. मधेच थांबावंसं वाटलं तर पुरे म्हणा, कारण सांगायला नको.'

त्यानंतर तिलाच विचारावे, 'आता मी कशाला आले आहे, ते तुम्ही मला सांगा बघू.' ती 'तुम्ही पेन्शनचं बघायला आलाय' असे म्हणाली, तर संमती झालेली नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगावे. प्रशिक्षणात हा प्रसंग प्रत्येकाने जोडीने करून पाहावा, आणि सहभागीची भूमिका शक्यतो वस्तीतल्याच एखाद्या कार्यकर्तीला मानधन देऊन करायला सांगावी, कारण विद्यार्थी एकमेकांना फार लवकर 'हो' म्हणतात.

लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना, संशोधनाशी संबंध नसलेला आणि वाचता येणारा साक्षीदार हवा, त्याची सही हवी. मात्र साक्षीदार म्हणून मुकादम किंवा पंचायत सदस्य बसवला, तर ज्याच्यापासून जपायचे तोच माणूस आपण आत आणला असे होते. जिथे सहीचा कागद हाच धोका असतो, तिथे तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची किंवा सही न घेण्याची परवानगी समितीकडे आधीच मागता येते. गावातल्या प्रमुखांना भेटून कामाची कल्पना द्यावी, हे सौजन्य आहे. त्यांनी मान डोलावली म्हणजे गावाने संमती दिली, असा अर्थ काढू नये. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही लागतात : ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी, त्यापुढच्यांची लेखी.

उपचार करणारा आणि संशोधन करणारा माणूस एकच असेल, तर जास्त सावध राहावे लागते. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींच्या सहभागाने झालेली, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाची चाचणी २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर नावाजली गेली; ती परिचारिका-प्रसाविकांच्या हातून पार पडली होती. अशा रचनेतले संशोधन मोलाचे असते, पण आपले बाळंतपण जिच्या हाती आहे तिला नकार देणे कोणत्याही बाईला जड जाणार, हेही खरे. म्हणून शक्य तिथे संमती विचारायला दुसरी व्यक्ती पाठवावी. परिचारिका किंवा आशा कार्यकर्तीने ओळख करून द्यावी आणि निघून जावे.

कुठे बसावे, कोणी विचारावे

प्रश्न विचारणारा त्याच गावचा असावा की बाहेरचा? गावचा असला तर दार उघडते, पण ऐकलेले गावातच फिरत राहते. आजार, कर्ज, नवराबायकोतला कलह असे विषय असतील, तर शेजारच्या तालुक्यातला माणूस नेमावा. शेती किंवा पाणी यांसारख्या विषयांना गावचा चालतो. स्त्रियांवरील हिंसाचाराच्या अभ्यासाबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये दिलेल्या शिफारशी या बाबतीत प्रत्येकाने वाचाव्यात, विषय हिंसाचाराचा नसला तरी. त्यांचा गाभा असा आहे की उत्तर मिळण्यापेक्षा उत्तर देणारीची सुरक्षितता आधी.

यातून एक साधी युक्ती शिकवता येते. प्रश्नावलीच्या मागे निरुपद्रवी प्रश्नांचे एक पान जोडावे, पाणी कुठून आणता, चूल की गॅस, दवाखाना किती लांब. सासू किंवा शेजारीण येऊन बसली, की पान उलटावे आणि त्याच आवाजात पुढे विचारत राहावे. हे ऐन वेळी सुचत नाही. सराव लागतो, आणि असा व्यत्यय आणणारी व्यक्ती प्रशिक्षणात मुद्दाम मध्येच वर्गात पाठवावी.

नाव खोडले म्हणजे ओळख पुसली असे नाही

या भागाला प्रशिक्षणाचा सर्वाधिक वेळ द्यावा. अमेरिकेत लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिले की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख एकमेवपणे ठरते. आपल्या गावांत तर पिनकोडाचीही गरज नसते. पुढील काल्पनिक नोंद फळ्यावर लिहावी : स्त्री, ४३ वर्षे, विधवा, विडी कामगार, निपाणी तालुक्यातील अमुक गाव, २०२२ मध्ये क्षयरोगाचे उपचार पूर्ण केले, थोरला मुलगा सैन्यात, धाकटी मुलगी नर्सिंगला. हिच्यात नाव नाही, आडनाव नाही, फोन नाही. तरीही त्या गल्लीतला कोणीही माणूस ती वाचून क्षणात बोट दाखवील.

आता विद्यार्थ्यांनी एकेक तपशील सैल करावा. वय '४० ते ४९' करावे. गावाऐवजी 'चिकोडी भागातील एक गाव' म्हणावे. मुलांचा उल्लेख विश्लेषणाला लागत नसेल, तर काढून टाकावा. उपचाराचे वर्ष 'गेल्या ५ वर्षांत' असे करावे. 'विडी कामगार' हा तपशील मात्र अभ्यासाचा कणाच असेल, तर तो ठेवावा आणि त्याच्या बदल्यात वैवाहिक स्थिती सोडावी. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय विषय जाणणाऱ्यानेच घ्यायचा असतो. संगणकाची आज्ञा देऊन तो होत नाही. तक्त्यांत एखाद्या चौकटीत ५ पेक्षा कमी माणसे येत असतील, तर दोन गट एकत्र करावेत, हा नियम विभागाने कायमचा ठरवून टाकावा.

दोन जागा नेहमी निसटतात. पहिली म्हणजे ऋणनिर्देश. आत गावाला टोपणनाव द्यायचे आणि पहिल्याच पानावर सरपंचांचे, मुख्याध्यापकांचे आणि आशा कार्यकर्तीचे नावानिशी आभार मानायचे, यात सारी काळजी वाया जाते. दुसरी जागा परिशिष्टांची, जिथे भरलेल्या प्रश्नावल्यांच्या छायाप्रती आणि घरांसमोर उभ्या केलेल्या माणसांची छायाचित्रे लावलेली असतात. पूर्वी प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडे. आता तो शोधगंगा या संकेतस्थळावर चढतो आणि गावातला कॉलेजात जाणारा मुलगा तो आपल्या मोबाइलवर वाचू शकतो. मार्गदर्शकांनी अंतिम मसुदा तपासताना हा मुलगा डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक पान पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोबाइल, ध्वनिमुद्रण, किल्लीची फाइल

मुलाखती स्वतःच्या मोबाइलवर मुद्रित करायच्याच असतील, तर त्या आपोआप क्लाउडवर चढवणारी सोय आधी बंद करावी, फोनला कुलूप असावे आणि त्याच संध्याकाळी मुद्रण सांकेतिक कुलूप असलेल्या फोल्डरमध्ये हलवून फोनमधून पुसावे. मुलाखत व्हॉट्सॲपवरून मार्गदर्शकाला पाठवू नये. मुद्रणाचे लिखाण करून देणाऱ्या मोफत संकेतस्थळांवर ती चढवू नये, कारण आवाज हीच ओळख असते आणि तिथे चढवलेली फाइल पुढे कुठे जाते, यावर आपला ताबा राहत नाही. छायाचित्रात घराचे अक्षांश-रेखांश साठवले जातात, ते काढून टाकावेत. आधार क्रमांक मागण्याचे कोणतेही कारण नाही.

नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडी दाखवणारी किल्लीची फाइल मुलाखतींपासून वेगळ्या जागी, शक्यतो मार्गदर्शकाकडे कुलुपात ठेवावी. ती नष्ट करण्याची तारीख समितीच्या अर्जातच लिहावी.

गुप्ततेच्या मर्यादा

'तुमचे बोलणे कोणालाही कळणार नाही' असे आश्वासन देण्याचा अधिकार संशोधकाला नाही. वकील आणि अशिलामधल्या बोलण्याला जे कायदेशीर संरक्षण आहे, ते संशोधक आणि सहभागी यांच्यातल्या बोलण्याला नाही. न्यायालयाने मागितल्यास वही द्यावी लागू शकते. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. तेव्हा मुलांविषयी बोलण्याआधीच ही मर्यादा सांगून ठेवावी. याउलट एखाद्या व्यक्तीचा एचआयव्हीविषयीचा तपशील तिच्या संमतीविना उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

सौंदत्तीच्या डोंगराभोवती आणि आसपासच्या तालुक्यांत देवदासी स्त्रियांवर आजवर पुष्कळ संशोधन झाले आहे. देवदासी समर्पणाला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि विधी करणाऱ्या किंवा त्यास साथ देणाऱ्या नातेवाइकांना शिक्षेची तरतूद आहे. 'तुम्हाला देवाला कधी आणि कोणी सोडले?' या प्रश्नाचे उत्तर वहीत उतरले की ते एखाद्या आईविरुद्धचा पुरावा होऊ शकते. अभ्यासाचा विषय त्या स्त्रियांचे आरोग्य किंवा उपजीविका असेल, तर हा प्रश्न विचारूच नये, कारण न गोळा केलेली माहिती कोणी मागू शकत नाही. आणि मुलाखतीत कोणी कोसळलेच, तर कुठे न्यायचे, कोणाला फोन करायचा, याची व्यवस्था गावात पाऊल टाकण्याआधी झालेली असावी.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. तो खटला लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्याच्या मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात संशोधनाला सूट आहे, म्हणून आपल्याला काही करायला नको, असा समज पसरताना दिसतो. ती सूट दोन अटींवर आहे : त्या माहितीवरून त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली जावीत. विद्यार्थ्यांच्या गुणांवर संशोधन करून त्याच विद्यार्थ्यांना कोणत्या तुकडीत घालायचे हे ठरवणारे शिक्षक पहिल्याच अटीत अडकतात.

प्रशिक्षणाचा शेवट कसा करावा

बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र वाटू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने आपली स्वतःची प्रश्नावली, माहितीपत्र आणि माहिती साठवण्याची योजना आणावी आणि दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याने ती वाचून सहभागी व्यक्तीला ओळखून दाखवण्याचा प्रयत्न करावा. ओळखता आली, तर दुरुस्ती करून पुन्हा आणावी. माहितीपत्रावर दिलेला फोन क्रमांक विद्यार्थ्याचा न ठेवता विभागाचा ठेवावा आणि तो उचलणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्याला मराठी व कन्नड दोन्ही भाषा याव्यात, कारण पीएचडी संपवून विद्यार्थी पुण्याला किंवा बंगळूरला निघून जातो आणि 'माझं नाव काढून टाका' असे सांगणारा फोन त्यानंतर वर्षाने येऊ शकतो. असा फोन आला की काय करायचे, कोणाला कळवायचे आणि किती दिवसांत उत्तर द्यायचे, हे एका पानावर लिहून त्या टेबलाजवळ लावून ठेवावे.